बघायचं गवत

लॉनच्या मधोमध तळहाताएवढं टक्कल पडलेलं गोपाळला दिसलं, तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता आणि पुढचा घोट घ्यायचा तो विसरला. काल ते नव्हतं. कालची संध्याकाळ त्याला नीट आठवत होती. पाइपानं पाणी देताना त्यानं नेहमीसारखी नजर कडेपासून कडेपर्यंत फिरवली होती आणि सगळं सलग हिरवं होतं. आता तिथं लाल माती उघडी पडली होती, कुणाच्या तरी डोक्याची कातडी केसांतून दिसावी तशी. तो गुडघ्यावर बसला, बोटं फिरवली. बाजूचं गवत ताजं होतं, पिवळं नाही, भुरकट नाही. मधलंच तेवढं गेलं होतं. आत घरात राजेश्री, त्याची बायको, नेमक्या त्याच वेळी काहीतरी म्हणाली आणि त्यानं नुसतंच "हां" केलं. कप गवतात कलंडला तरी त्यानं तो उचलला नाही. एवढ्याशा गोष्टीनं असं व्हायला नको, हे त्याला कळत होतं. तो कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारा, पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस होता, मुलगी लातूरला शिकत होती, घराचे हप्ते फिटले होते. पण तो तिथून उठला नाही. ऊन भिंतीवरून उतरून गुडघ्यापर्यंत आलं तरी तो त्या उघड्या मातीकडे बघत बसला.

परभणीत लॉन लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं. जिंतूर रोडच्या या कॉलनीत खाली सगळी काळी माती, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात अशी फाकणारी की भेगेत अख्खं पाऊल जावं. त्यानं ती कंबरेइतकी उकरून काढली होती, ट्रॅक्टरनं लाल माती आणून टाकली होती, नांदेडच्या नर्सरीतून गवताच्या लाद्या आणून शेजारी शेजारी बसवल्या होत्या. मार्च लागला की बांबू उभे करून वर हिरवी जाळी ताणायची. पाणी दिवस कलल्यावरच द्यायचं, कारण दुपारचं पाणी मुळाशी उकळतं. बोअरचं पाणी खारट, त्यामुळे मातीवर पांढरी साय धरते, ती खरवडायची. उन्हाळा निभावला म्हणावं तर डिसेंबरात इथली थंडी कडा जाळून टाकते. स्टाफरूममधले दिनकरराव दर वर्षी म्हणायचे, "सर, ह्यापेक्षा एक म्हैस पाळा की. निदान चहाला दूध तरी होईल." सगळे हसायचे, तोही हसायचा. राजेश्री हसायची नाही. तिनं एकदाच विचारलं होतं, "पण कशासाठी?" आणि ती खरंच उत्तराची वाट बघत उभी राहिली होती, तेव्हा तो म्हणाला होता, "घर थंड राहतं." ते खरं होतं आणि अजिबात खरं नव्हतं. खरं तिला कसं सांगायचं? त्याच्या लहानपणी गवत हे नेहमी कशासाठी तरी होतं. गवत दिसलं की मेंढरं तिकडे, मेंढरं तिकडे की आई-बाप तिकडे, आणि संपलं की उठायचं, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, पुढचं गवत हुडकायचं. गवत म्हणजे थांबू न देणारी गोष्ट. पुढे जिंतूरच्या वसतिगृहात असताना, अंगाचा लोकरीचा वास जाईना म्हणून दोनदा दोनदा आंघोळ करणाऱ्या त्या मुलानं तालुक्याच्या विश्रामगृहासमोर पहिल्यांदा असं गवत पाहिलं जे कुणीच खात नव्हतं. ते नुसतं होतं. त्याच्याभोवती तार होती आणि त्यावर एक माळी पाणी मारत होता. तो तारेला नाक लावून किती वेळ उभा होता कोण जाणे. कुणाच्याच तोंडात न जाणारं गवत. त्या वेळी ते त्याला श्रीमंतीसारखं वाटलं नव्हतं. ते त्याला सुटकेसारखं वाटलं होतं.

आबा, म्हणजे त्याचे वडील आश्रुबा, दिवाळीनंतर इथं राहायला आले. आई, कडूबाई, गेली. चारठाण्याजवळच्या गावात त्यांना करून घालणारं कुणी राहिलं नाही. मेंढरं चुलतभावानं घेतली. ज्या दिवशी आले त्या दिवशी पायरीवर बसून त्यांनी लॉनकडे पाहिलं आणि विचारलं, "कापायचं कधी हे?"

"मशीननं कापतो आबा, थोडं थोडं. वरचं वरचं."

"आन् मग?"

"मग काही नाही. टाकून द्यायचं. हे बघायचं गवत आहे."

"बघायचं?" आबा म्हणाले, आणि सांगितल्याप्रमाणे बराच वेळ त्या गवताकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती. तीच गोष्ट गोपाळला सहन झाली नाही. थट्टा केली असती तर चिडता आलं असतं. त्यानंतर आबा फारसं बोललेच नाहीत. जेवायला बोलावलं की जेवत. टीव्ही लावला की बघत. राजेश्रीनं "मामा, चहा?" म्हटलं की मान हलवत. गोपाळनं पहिले काही दिवस विषय काढून पाहिले, पाऊस, गावचं राजकारण, चुलतभावाचा ट्रॅक्टर. प्रत्येक विषयाला आबा एका शब्दात उत्तर देत आणि तो शब्द खोलीत पडून राही. मग दोघंही एकमेकांना चुकवायला लागले. गोपाळ हॉलमध्ये आला की आबा ओट्यावर, गोपाळ ओट्यावर आला की आबा मागच्या खोलीत. कॉलेज होतं तोवर ते जाणवत नव्हतं. मे लागला, सुट्टी लागली, आणि दिवसभर कूलरच्या घरघरीत दोन माणसं एकाच घरात एकमेकांच्या पावलांचा अंदाज घेत फिरू लागली. दुपारी गोपाळला झोप येत नसे. तो उठायचा, पाणी प्यायचा, खिडकीचा पडदा बाजूला करून जाळीखालच्या त्या हिरव्या सावलीकडे बघायचा. तेवढ्यापुरतं आत काहीतरी निवायचं. पुन्हा पडायचा. पुन्हा उठायचा.

टक्कल वाढलं. दोन दिवसांनी ते ताटाएवढं झालं, शेजारी आणखी एक उमटलं. बुरशी नाही, हे त्यानं ठरवलं, कारण डाग नव्हते. पाणी कमी पडलं म्हणावं तर कडेचं गवत आधी वाळलं असतं. मग हुमणी. मातीतली ती पांढरी, वाकडी, गुबगुबीत अळी मुळं कुरतडते आणि वरचं गवत अलगद हातात येतं. त्यानं माती उकरून पाहिली, अळी सापडली नाही, पण न सापडणं हाही पुरावा वाटावा अशा मनःस्थितीत तो होता. रात्री त्याला वाटायचं, खाली, आपण झोपलो आहोत त्याच्याही खाली, काहीतरी चावतंय. तो मोंढ्यातल्या कृषी केंद्रात गेला आणि हुमणीचं औषध घेऊन आला. दुकानदारानं सांगितलं, "सर, फवारलं की वरून भरपूर पाणी द्या. औषध मुळाशी उतरलं पाहिजे. पानावर राहू देऊ नका." हे तो स्वतःच वर्गात सांगू शकला असता. संध्याकाळी तोंडाला रुमाल बांधून त्यानं फवारणीच्या हातपंपानं टकलांवर आणि भोवतीच्या सगळ्या गवतावर ते औषध मारलं. रॉकेलसारखा उग्र वास ओट्यापर्यंत गेला. मग मोटार सुरू केली. पाइपानं एक गुळणी टाकली आणि नुसती हवा फुरफुरू लागली. बोअर बसलं होतं. उन्हाळ्यात ते असं बसायचं. रात्रभरात खाली थोडं पाणी साठायचं आणि सकाळी चालू व्हायचं. सकाळी देऊ, असं म्हणून त्यानं मोटार बंद केली. आत जाऊन राजेश्रीला सांगितलं, "लॉनवर पाय देऊ नको, औषध मारलंय." आबा मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. त्यांना सांगायचं त्याच्या मनात आलं. दारापर्यंत तो गेलासुद्धा. आबांनी मान वर करून पाहिलं. त्यानं विचारलं, "जेवलात?" आबा म्हणाले, "हां." आणि तो परत फिरला. आबांशी काही बोलायचं म्हणजे आधी एक जड फाटक ढकलून उघडावं लागायचं, आणि त्या संध्याकाळी त्याच्या हातांना औषधाचा वास येत होता आणि तो दमला होता.

पहाटे त्याला जाग आली ती कशानं, हे कळलं नाही. बाहेर नुकतं फटफटलं होतं. खिडकीतून त्याला जाळीखाली कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. आबा. त्यांचा उजवा हात गवतात जायचा, मूठ वळायची, मनगटाला एक बारीकसा झटका बसायचा आणि गवत मुळाच्या जरा वर तुटून हातात यायचं. मग ते धोतराच्या ओच्यात जायचं. पुन्हा हात. हाताला कसली घाई नव्हती. गोपाळ पडदा धरून उभा राहिला. हीच ती अळी. आठवडाभर तो बुरशीची, पाण्याची, मुळांची चौकशी करत होता आणि त्याचा बाप रोज पहाटे त्याचं लॉन उपटत होता. आधी त्याला हसू आल्यासारखं झालं, आणि मग त्या हसण्याच्या मागून संताप आला. मुद्दाम. म्हातारा मुद्दाम करतोय. बोलत नाही, भांडत नाही, आणि असा पहाटे उठून माझी एकच गोष्ट मुठीमुठीनं उपटतोय. आबा उठले, गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबले, फाटकाची कडी आवाज न करता काढली आणि ओचा सांभाळत रस्त्यावर आले. गोपाळ चप्पल न घालताच मागून निघाला.

रस्त्यापलीकडे अर्धवट बांधकाम होतं. तिथं पाण्याच्या हौदाशेजारी पत्र्याची खोली टाकून राखणीला एक जोडपं राहत होतं. बाईचं नाव भिवराबाई, एवढं गोपाळला माहीत होतं. राजेश्री कधी कधी तिला उरलेली भाजी द्यायची. विटांच्या थप्पीमागे तो थांबला. खोलीसमोर एक काबरी शेळी बांधलेली होती, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, गाभण. आबांनी ओचा सोडला, गवत तिच्यापुढे टाकलं आणि तिथंच भुईवर मांडी घालून बसले. आणि बोलू लागले.

गोपाळला आधी वाटलं, तिथं दुसरं कुणीतरी आहे. हा आवाज त्यानं किती वर्षांत ऐकला नव्हता. मोठा, मोकळा, मधेच खालच्या पट्टीत जाणारा, हसणारा. भिवराबाई चुलीत काटक्या सारत ऐकत होती. "ह्या दिसांत शेळीला वलं दिसलं की तिचं मन भरतंय बग," आबा सांगत होते. "पोट न्हाई, मन. माझी कडूबाई म्हनायची, जितराबाला आन् बाळंतिनीला मन असतंय." मग शेळीच्या कानामागं खाजवत ते म्हणाले, "माझं पोरगं हाय ना, गोपाळ? ते लय भारी राखायचं मेंढरं. एवढुसं व्हतं. दुधनेला पूर आल्ता. समदी मेंढरं पल्याड, आन् एक कोकरू अल्याड ऱ्हायलं. तर हे पोरगं, एवढुसं, कोकराला उरापाशी धरून पान्यातून आलं बग. सोडलं न्हाई."

"सरांनी?" भिवराबाईनं नवल केलं. "सर तर किती गप गप दिसतेत."

"गपच हाय ते. आत लय हाय त्याच्या."

विटांमागे गोपाळ हलला नाही. हे खोटं होतं. त्याला तो पूर आठवत होता, नीट आठवत होता. काठावर बसून तो बोंबलत होता, पाण्याचा रंग चहासारखा होता, आणि आबांनी परत येऊन त्याला खांद्यावर टाकलं होतं. तोच ओझं होता. मेंढरं त्याला कधीच आवडली नव्हती. पण आबांचा आवाज पुढे जात होता, त्या दुसऱ्या गोपाळविषयी, जो अंधारात हात लावून कोकरं ओळखायचा, जो आईच्या मागे मागे शीळ घालत जायचा, आणि इकडचा गोपाळ ऐकायला विटांना आणखी चिकटत होता. हेवा. त्याला त्या मुलाचा हेवा वाटत होता. त्या शेळीचा वाटत होता, त्या काटक्या सारणाऱ्या बाईचा वाटत होता. इतके महिने घरात एक एक शब्द मोजून देणारा हा माणूस इथं रोज असा सांडत होता. आणखी सांगावं, असं त्याला वाटत होतं. शेळी मान खाली घालून खात होती. तिच्या दातांचा करकर आवाज येत होता, आणि त्या आवाजात बराच वेळ त्याला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. मग एकदम त्याला स्वतःच्या बोटांचा तो औषधाचा वास आला.

"खाऊ देऊ नका!" तो ओरडत विटांवरून आला, पायाला काहीतरी लागलं, त्यानं शेळीच्या तोंडासमोरचं गवत दोन्ही हातांनी ओढलं. शेळी दचकून मागे सरली. भिवराबाई उभी राहिली. "आबा, औषध मारलंय त्याच्यावर! काल मारलंय! विष आहे ते!"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग शेळीकडे, मग स्वतःच्या हातांकडे.

"कवा खाल्लं? किती खाल्लं?" तो विचारत होता, जसं काही तो स्वतः तिथं उभा नव्हता. शेळीच्या ओठाला अजून एक पातं चिकटलं होतं. ते त्यानं काढलं. मग त्याच्या लक्षात आलं की आबांनी हे सगळं उघड्या हातांनी तोडलं आहे, ओच्यात पोटाशी धरून आणलं आहे. त्यानं आबांना दंडाला धरून हौदाजवळ नेलं. भिवराबाईनं साबणाची वडी पुढे केली. त्यानं आबांचे हात आपल्या हातांत घेतले आणि घासायला सुरुवात केली, बोटांच्या बेचक्यांत, नखांत, मनगटांवर, पुन्हा पुन्हा. ते हात इतके हलके असतील असं त्याला वाटलं नव्हतं. आबा उभे होते, लहान मुलानं हात पुढे करून उभं राहावं तसे. "धोतर सोडा," तो म्हणाला. "हितं?" आबांनी विचारलं. भिवराबाई आत गेली आणि नवऱ्याची लुंगी बाहेर टाकली. पोटावरचं पाणी निथळत असताना आबा म्हणाले, "तिला बग आधी. मला काय हुतंय."

तिला झालं. थोड्या वेळानं तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबू लागली, डोळे पाणावले, आणि मागच्या मांडीचं मांस एकटंच थरथरू लागलं. भिवराबाई रडत नव्हती, ती चिडली होती. "सर, गाभण जितराब हाय हो माझं. गवताला कुनी इख मारतंय का?"  आबा म्हणाले, "तेल पाजू. गोडं तेल आन."

"नको! तेल नको," गोपाळ म्हणाला, आणि त्याचाच आवाज त्याला अनोळखी वाटला. "तेलानं ते आणखी अंगात भिनतं. ताकही नको. याच्यावर एकच इंजेक्शन आहे. दवाखान्यात न्यायचं, आत्ता." आबांनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि शेळीचं दावं सोडायला घेतलं.

रिक्षा मिळाली. आबा आणि भिवराबाई शेळीला मांडीवर घेऊन मागे बसले. गोपाळनं घरून औषधाची बाटली घेतली, दारात आलेल्या राजेश्रीला तुटक तुटक सांगितलं आणि स्कूटरवर रिक्षामागे निघाला. समोरून उन्हं थेट डोळ्यांत येत होती. रिक्षाच्या बाजूनं शेळीचं एक खूर बाहेर आलं होतं आणि खड्ड्याखड्ड्याला हलत होतं. आपण किती वेळ ऐकत उभे राहिलो? रसायनशास्त्र. पानावर राहू देऊ नका. ज्या क्षणी पहाटे आबांचा हात गवतात गेलेला दिसला, त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण तेव्हा तो रागावण्यात गुंतला होता, आणि नंतर ऐकण्यात. आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या तोंडून आपली स्तुती ऐकत होता, आणि तेवढ्यात शेळी खात होती. ह्याचं काय करायचं माणसानं? कुठं ठेवायचं हे?

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती, संघप्रिया नावाची. नावाची पट्टी तिच्या कोटावर होती. तिनं बाटली वाचली, शेळीची पापणी वर करून बारीक रेघेसारखी आकसलेली बाहुली पाहिली आणि इंजेक्शन भरलं. "लवकर आणलंत," ती म्हणाली. "तोंड कोरडं पडेपर्यंत देत राहावं लागेल. पिलांचं मी काही सांगू शकत नाही. आईला वाचवू." मग गोपाळकडे बघून, "गवत कुठं खाल्लं तिनं?"

"माझ्याकडे," तो म्हणाला.

आवारातल्या लिंबाखाली पार होता. भिवराबाई शेळीपाशीच बसून राहिली. आबा आणि गोपाळ पारावर बसले, मधे आणखी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. आबांच्या अंगावर परक्या माणसाची चौकड्यांची लुंगी आणि ओला सदरा होता.  समोरून कुणी एक म्हैस नेली, कुणी एक आणली. ऊन चढत होतं.

"इख कशापायी मारलं?" आबांनी विचारलं.

"कीड लागली असं वाटलं."

आबांनी मान हलवली. "कीड नव्हती. मीच व्हतो."

"मला काय माहीत."

"मला तरी कुठं ठावं व्हतं, तू मारलंस ते. नाकाला वास बी येत न्हाई आता." ते तक्रार करत नव्हते. दोन माणसांनी दोन बाजूंनी एकच भेग बघावी, तसं ते म्हणाले. मग जरा वेळानं, "तू म्हन्ला, टाकूनच द्यायचं असतंय. म्हनून घेतलं. वरवरचं घेत व्हतो. मुळी न्हाई उपटली एक बी."

गोपाळच्या डोळ्यांसमोर तो मनगटाचा झटका आला, मुळाच्या वर. रोज त्याच जागी पडणारी मूठ. मुळं तशीच खाली होती. तो म्हणाला, "मी ऐकत होतो, विटांमागं. तुम्ही तिला पुराचं सांगत होतात. मी कोकरू आणलं म्हणून. मी नव्हतं आणलं, आबा. मी रडत होतो. तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं."

"मग? घेतलंच व्हतं."

"मग कोकरू?"

"तुझ्यापाशी व्हतं की." आबांनी दोन्ही हात छातीशी नेऊन दाखवलं. "मी तुला धरलं, तू त्याला. मी म्हन्लं सोड, दोगं बी जाताल, तर तू सोडंना. माझ्या मानंवर त्याचं मुतनं आलं सगळं." आणि ते एकदम हसले.

गोपाळ आठवायचा प्रयत्न करू लागला. चहाच्या रंगाचं पाणी होतं. आबांचं मुंडासं होतं, त्याच्या गालाला खरखरीत लागणारं. आपले हात कुठं होते? त्याला हात आठवेनात. आजवर त्या आठवणीत त्याला हातच नव्हते, आणि हे त्याच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. लोकरीचा ओला वास, तो वास मात्र होता. पण तो तर सगळ्याच आठवणींना होता, त्यावरून काय ठरवायचं? आबा नंतर रचत असतील. आपण नंतर पुसलं असेल. त्याला बसवेना. तो उठला, नळावर तोंड धुतलं, परत आला, आणि बसताना मधली जागा जरा कमी झाली.

"त्या बाईला दुसरं काय सांगावं म्हंतो," आबा म्हणाले. "पोरगं काय करतंय ते मला कुठं ठावं हाय. कालेजात जातंय, येतंय. जेवडं ठावं हाय तेवडं सांगतो." मग त्यांनी विचारलं, "तू काय शिकवतूस रं, पोरान्ला?"

"रसायनशास्त्र." आबा वाट बघत राहिले. "म्हणजे कशात काय असतं ते. पाण्यात, मिठात. कशात काय मिसळलं की काय होतं."

"इखाचं बी?"

"विषाचंही."

"म्हनून कळलं तुला. तेल नको ते."

"हां."

आबांनी दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं. "बरं झालं," ते म्हणाले. एवढंच. पण ते त्यांनी त्या दुसऱ्या गोपाळबद्दल बोलतात त्या आवाजात म्हटलं, आणि गोपाळला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना.

ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आली. शेळीचं तोंड कोरडं पडलं होतं, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, ती चार पायांवर उभी होती आणि तिनं दाव्याला एक हिसका दिला होता. आज-उद्या लक्ष ठेवायचं, उद्या सकाळी पुन्हा आणायचं, पिलांचं दोन दिवसांनी कळेल. भिवराबाईचा नवरा कामावरून धावत आला होता. ती दोघं शेळीला घेऊन रिक्षात बसली. निघताना भिवराबाई गोपाळशी बोलली नाही. आबांना मात्र म्हणाली, "मामा, संध्याकाळच्याला या. तुमी असलं की ती हात लावू देती." रिक्षात तिसऱ्याला जागा नव्हती. गोपाळनं स्कूटर काढली. आबा आजवर कधी त्याच्या मागे बसले नव्हते. शहरात कुठं जायचंच नसायचं त्यांना. लुंगी आवरत ते एका बाजूनं बसायला लागले, तेव्हा तो म्हणाला, "तसं नाही आबा, दोन्हीकडं पाय. आणि मला धरा." त्यांनी आधी सीटला धरलं. मग गाडी हलली तसा एक हात त्याच्या खांद्यावर आला, आणि वळणावर दुसरा.

रस्त्याला लागल्यावर आबा बोलू लागले. पाठीमागून, कानापाशी, पण ट्रकच्या आवाजात आणि गरम वाऱ्यात शब्द फाटून जात होते. काहीतरी कडूबाईचं होतं. काहीतरी घोड्याचं होतं, आणि एका बाभळीचं. तो "हां, हां" म्हणत होता आणि त्याला काहीच लागत नव्हतं. त्यानं डोकं जरा मागं झुकवलं. हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. मग वेग कमी केला, आणखी कमी केला, मागचे हॉर्न वाजवत पुढे गेले. आता एखादं अख्खं वाक्य पोचू लागलं. "...तर तुजी आई म्हंती, ह्येला शाळंत घाला, ह्ये लय इचारतंय..." कॉलनीचा फाटा आला. घरी राजेश्री वाट बघत असेल, मोटार चालू करून औषध धुऊन काढायचं होतं, जाळी एका बाजूनं सुटली होती. गोपाळनं इंडिकेटर लावला. आबा बोलत होते. त्यानं इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ घेतली, जिंतूरच्या बाजूला, जिथं दोन्हीकडं नांगरून ठेवलेली काळी रानं उन्हात उघडी पडली होती.

"घर मागं ऱ्हायलं रं," आबा म्हणाले.

"राहू द्या," तो म्हणाला. "मग? आई काय म्हणाली?"